गिरडचे नारळ, पौनारचा परीस

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला जातात. या टेकडीच्या मातीत गोल, लांबट, गाठीदार गोटे विखुरलेले असतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांनी त्यांची कथा नोंदवून ठेवली आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी गयावया करू लागले. बाबांनी झाडाची वाळली पाने घेऊन त्यांना पुन्हा तेवढाच माल करून दिला. ते पाहून दोघे इतके भारावले की मरेपर्यंत बाबांच्या सेवेत टेकडीवरच राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरीही दाखवल्या जातात. दगड झालेला जुना माल मात्र टेकडीवर पडून राहिला, तेच हे गोटे.

भूविज्ञान त्या गोट्यांविषयी वेगळे सांगते आणि तेही कमी नवलाचे नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे मुरणाऱ्या पाण्यातले क्षार त्या पोकळ्यांत साचून झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशी खनिजे तयार झाली. सभोवतीचा काळा पाषाण झिजून माती झाला, आतल्या गाठी टणक म्हणून उरल्या. म्हणजे गिरडचे नारळ कोणा माणसाने ठेवलेले नाहीत. ही गोष्ट महत्त्वाची एवढ्यासाठी की याच जिल्ह्यात माणसांनी मुद्दाम रचलेले दगडही आहेत आणि लोककथेने दोन्ही प्रकारच्या दगडांना सारखेच वागवले आहे. ज्या रीतीने तिने निसर्गाच्या गोट्यांचा उलगडा केला, त्याच रीतीने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांचाही केला. त्यामुळे असे दगड आणि डोह यांच्याभोवतीच्या कथांना आपण सरसकट ‘लोकस्मृती’ म्हणतो, ते मला मान्य नाही. दगड कोणी आणि का मांडला याची आठवण या कथांत नसते. कथा सांगणाऱ्यांचे जग मात्र त्यांत फार विश्वासाने उतरलेले असते. साक्षीदार खरा आहे, आपण त्याला भलत्याच खटल्यात उभे करतो.

गिरडची कथाच पाहा. शेख फरीद म्हणजे पंजाबातले बाबा फरीद, तेराव्या शतकातले चिश्ती संत. त्यांची समाधी पाकपट्टणला आहे आणि त्यांच्या नावाच्या रचना गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांना ‘गंज-ए-शकर’ म्हणतात आणि त्या नावामागे पंजाबात एक कथा सांगतात. साखर घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला बाबांनी विचारले, काय नेतोस? तो खोटेच म्हणाला, मीठ. पोत्यांत खरोखर मीठ झाले. त्याने माफी मागितली तेव्हा मिठाची पुन्हा साखर झाली. गिरडची कथा या कथेची सख्खी बहीण आहे. व्यापारी, उद्धटपणा, मालाचे रूपांतर, क्षमा आणि मालाची परतफेड, सगळे टप्पे तसेच आहेत. बदलले ते एवढेच की साखर-मिठाच्या जागी नारळ आणि दगड आले, कारण टेकडीवर दगड होते. कथा उत्तरेकडून फकिरांबरोबर आली आणि तिला इथे बसायला जागा मिळाली. त्या गोट्यांविषयी तिला काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण माल म्हणून नारळ का, हे विचारले की कथा बोलू लागते. नारळ वर्ध्याच्या काळ्या मातीतला नव्हे. तो किनाऱ्यावरून यायचा. रेल्वे येण्याआधी या भागातली वाहतूक बैलांच्या पाठीवर चाले. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि किनाऱ्यावरचा जिन्नस आत आणत; हिंगणघाट-अमरावतीकडचा कापूस गोण्यांत भरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेवरच्या टेकडीवरचा फकीर आणि त्याच्यासमोरून जाणारा माल यांचे नाते काय असावे, माल नेणाऱ्याने तिथे मान तुकवावी की हसून पुढे जावे, हा त्या काळातल्या माणसाचा रोजचा प्रश्न होता. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि तांड्यांचे दिवस संपत आले. गॅझेटियरवाल्यांनी कथा टिपली ती साधारण याच सुमारास. तांडे गेल्यावरही त्यांचे जग त्या कथेत शिल्लक राहिले आहे.

आता माणसांनी रचलेल्या दगडांकडे वळू. विदर्भात महापाषाणयुगीन शिळावर्तुळे शेकड्यांनी आहेत. नागपूरजवळचे जुनापाणी आणि माहूरझरी, पारशिवनीकडचे नैकुंड, टाकळघाट-खापा ही नावे पुरातत्त्वाच्या पुस्तकांत सर्वपरिचित आहेत. वर्धा जिल्ह्यातले खैरवाडा त्या मानाने सामान्य वाचकाला अनोळखी, पण तिथल्या वर्तुळांची नोंद १८७१ सालीच बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात झाली होती आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथे उत्खननही झाले. अशा वर्तुळाची रचना साधी असते. मोठाल्या धोंड्यांचे एक कडे, आत काळी चिकणमाती आणि दगडांची भर, खाली मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू. विदर्भातल्या उत्खननांत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या घंटा, घोड्याच्या तोंडात द्यायच्या लोखंडी कड्या मिळाल्या. माहूरझरीला घोड्याच्या चेहऱ्यावर बांधायचे तांब्याचे अलंकारही निघाले. काळ म्हणाल तर इसवी सनापूर्वीचे पहिले सहस्रक. वर्तुळे बहुधा मुरमाड, पेरणीला निकामी अशा टेपावर असतात आणि जवळपास पाणी असते. काळी सुपीक जमीन त्या लोकांनी मृतांना दिली नाही, जिवंतांसाठी राखली. हा निर्णय एखाद्या शिलालेखाइतका स्पष्ट वाचता येतो.

या वर्तुळांविषयी जुन्या मध्य प्रांतात लोक काय सांगत? हे गवळ्यांचे आहे, असे. पूर्वी गवळी राजे होऊन गेले, त्यांच्या काळातले हे दगड. इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. महापाषाणयुगीन लोक घोडे आणि गुरे बाळगणारे, फिरते पशुपालक होते असे अनेक पुरातत्त्वज्ञांनीही मांडले आहे. मग लोकांची आठवण बरोबरच ठरली की! दोन हजारांहून जास्त वर्षे ओलांडून ‘गवळी’ हा धागा टिकला, असे का म्हणू नये? याला दोन उत्तरे आहेत. एक, ते लोक निव्वळ फिरते पशुपालक होते हे मतच आता तितके पक्के राहिलेले नाही. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिथे आणि भागीमहारीला वस्तीचे थर मिळाले, जळके धान्यही मिळाले. भट्टी लावणारा आणि धान्य साठवणारा समाज काही केवळ गुरांमागे हिंडणारा नसतो. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. आर्वी, आष्टी, कारंजा हा वर्धा जिल्ह्याचा उत्तरेकडचा टापू म्हणजे गवळाऊ गुरांचा मूळ मुलूख. नंद गवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या रानांत गुरे राखत आला आहे. सरकारनेही या जातीच्या पैदाशीचे केंद्र याच भागात, हेटीकुंडीला ठेवले. गुराख्यांच्या मुलखात, चराईच्या माळावर दगडांचे गोल कडे दिसले तर ते पाहणाऱ्याला काय वाटेल? गुरांचा वाडाच वाटेल. ‘गवळ्यांचे दगड’ ही आठवण नाही, डोळ्यांसमोरच्या जगावरून काढलेला तर्क आहे, आणि तर्क म्हणून तो हुशार आहे. योगायोगाने तो एका पुरातत्त्वीय मताच्या जवळ गेला, एवढ्याने त्याला तीन हजार वर्षांचे वय चिकटत नाही.

असा तर्क फक्त गावकऱ्यांनीच केला असेही नाही. जुनापाणीची वर्तुळे उकरणारे रिव्हेट-कार्नॅक हे मध्य प्रांताचे कापूस आयुक्त. १८७९ साली त्यांनी या वर्तुळांवर निबंध छापला. धोंड्यांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्यांना ब्रिटनमधले तसेच दगड आठवले आणि मध्य आशियातून निघालेली एकच भटकी जमात दोन्हीकडे पोहोचली असावी, या कल्पनेकडे ते झुकले. नंद गवळ्याने दगडांत आपला वाडा पाहिला, साहेबाने आपला देश पाहिला. आज तो निबंध आपण १८७९च्या साहेबी विचारांचा पुरावा म्हणून वाचतो, तरी त्यातली मापे आणि वस्तूंची यादी उपयोगी पडतेच. लोककथेलाही हाच न्याय लावावा एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप सातत्याचा. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या परिसरात हिंडून दाखवले की आजच्या शेंदूर फासलेल्या कित्येक देवता फार जुन्या वाटांच्या फाट्यांवर उभ्या आहेत. तसेच गडचिरोलीतले माडिया आजही मृताच्या नावाने शिळा उभी करतात. मग परंपरा तुटली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? कोसंबींच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, पण त्यांनी जे दाखवले ते जागांचे सातत्य आहे. वाट तीच, पाणी तेच, म्हणून ठाणेही तिथेच. जागा टिकण्यासाठी अर्थ टिकावा लागत नाही. माडियांच्या शिळांविषयी म्हणाल तर त्या उभ्या एकेकट्या शिळा आहेत, वर्ध्याची वर्तुळे वेगळ्या घडणीची आहेत, आणि दोहोंच्या मध्ये दोन सहस्रकांहून मोठी पोकळी आहे. माडिया समाजाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. धोंडा ओढून आणायला किती हात लागतात, त्यांना जेवण कोण घालते, शिळा कोणाच्या नावाने उभी राहते आणि कोणाच्या राहत नाही, हे प्रश्न तिथून घेऊन खैरवाड्याला विचारता येतात. उत्तरे मात्र खैरवाड्याच्या मातीतूनच निघायला हवीत. जिवंत समाजाला आपण तीन हजार वर्षांपूर्वीचा नमुना म्हणून वापरू लागलो की त्याच्या स्वतःच्या इतिहासावर अन्याय होतो.

पौनारची गोष्ट या सगळ्याहून गुंतागुंतीची आहे, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे. धाम नदीकाठचे हे गाव. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत येणारे प्रवरपूर ते हेच, असे वा. वि. मिराशींनी मांडले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केले. त्याआधीच, १९३८ मध्ये विनोबा पौनारला राहायला आले तेव्हापासून, आश्रमाच्या जमिनीत खणताना सुंदर शिल्पे निघू लागली. त्यातल्या एका शिल्पात विनोबांना राम-भरताची भेट दिसली आणि ते शिल्प आश्रमाच्या उपासनेत आले. या शिल्पांतले प्रसंग नेमके कोणते यावर पुढे विद्वानांत मतभेद झाले. मिराशींना ती रामकथा वाटली, इतरांना नाही. आता लोककथा पौनारविषयी काय सांगते ते पाहा. इथे पवन नावाचा राजा होता. त्याच्याजवळ परीस होता. प्रजेकडून तो सारा म्हणून फक्त नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाने त्यांचे सोने करी. मग उत्तरेकडून एक सय्यद फकीर आला, त्याच्या करामतीपुढे राजाचे काही चालेना, तेव्हा राजा राणीसह धामच्या डोहात बुडाला. पुढे कधीतरी एका गुराख्याच्या कळपात रोज एक परकी काळी गाय चरायला येऊ लागली. संध्याकाळी तिच्यामागे गेलेला पोरगा डोहात उतरला तो पाण्याखालच्या देवळात पोहोचला. तिथे राखणीची मजुरी म्हणून त्याला थोडा भाजीपाला मिळाला, आणि बाहेर आल्यावर त्याचे सोने झाले.

लोखंडाचे सोने करणारा राजा म्हणजे लोखंड गाळणाऱ्या युगाची आठवण, असे कोणाला म्हणावेसे वाटेल. पवन म्हणजेच प्रवरसेन आणि परीस म्हणजे वाकाटकांचे वैभव, असेही वाटेल. पण कथेतले तपशील पाहा. तिच्यात ताम्रपट नाही, अग्रहार नाही, प्रवरसेनाची आई राणी प्रभावतीगुप्ता नाही. जी राणी आहे तिला नावही नाही. आहे तो शेतसारा, तोही नांगरामागे. पौनारचे नाव ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे म्हणून येते. कित्येक पिढ्या या गावाचा शेतकऱ्याशी संबंध सारा गोळा करणारे ठाणे म्हणून होता. माझ्या मते कथेचा गाभा तिथे आहे. शेतकऱ्याने स्वप्न पाहिले ते असे की कधीकाळी एक राजा होता, तो पिकातला वाटा मागत नसे, झिजलेला फाळ दिला तरी त्याचे भागे. साऱ्याखाली दबलेल्या माणसाने याहून नेमका सुवर्णकाळ कल्पिलेला मला माहीत नाही. उरला तो पाण्याखाली देऊळ असलेला डोह. ज्या नदीकाठी १९३८ नंतर खरोखर देवळाचे शिल्पांकित दगड निघाले, त्या नदीविषयी आधीपासून असे सांगितले जात होते, ही गोष्ट झटकून टाकण्यासारखी नाही. बुडालेली देवळे महाराष्ट्रात डोहाडोहाला सांगतात, हे खरे. तरी उन्हाळ्यात धाम आटल्यावर घडीव दगड लोकांनी पाहिले असतील आणि त्यातून कथा सुचली असेल, हे मी मान्य करतो. पण ते पाहणे झाले, आठवणे नव्हे. प्रवरसेनाचे नाव आपल्याला ताम्रपटांनी दिले, डोहाने दिले नाही.

केळझरबद्दल फार लिहायला नको. सेलू तालुक्यातले हे गाव महाभारतातली एकचक्रानगरी मानले जाते. बकासुर इथे मारला गेला असे सांगतात. खानदेशात एरंडोलही एकचक्रा आहे आणि बंगालात बीरभूम जिल्ह्यातही एकचक्रा आहे. एकच आठवण तीन ठिकाणी असू शकत नाही. एकच कथा मात्र तीन ठिकाणी सुखाने नांदते.

पाण्याच्या जागांना पावित्र्य का येते, याचे उत्तर पुन्हा त्याच काळ्या पाषाणात आहे. लाव्हाच्या घट्ट थरात पाणी मुरत नाही; झिजलेल्या, सच्छिद्र थरांत आणि दोन थरांच्या सांध्यात ते साठते. म्हणून एका वावरातली विहीर बारमाही असते आणि शेजारची वैशाखात कोरडी ठणठणीत पडते. ज्या बुडबुड्यांच्या पोकळ्या भरून गिरडचे गोटे झाले, तशाच रिकाम्या राहिलेल्या, झिजून एकमेकींना मिळालेल्या पोकळ्यांतून विहिरीला पाझर फुटतो. इतके लहरी पाणी कोणाच्या तरी कृपेनेच लागते असे वाटले, तर त्यात नवल नाही. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात गोटे म्हणजे साती आसरा, हे विदर्भातही दिसते. काहींना सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरच्या सात आकृत्यांत याच आसरा दिसतात. सात हा आकडा सोडला तर त्या दोघांमध्ये पुरावा म्हणावा असे काहीही नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा: या विहिरीवर पाणी कोणाला भरता येत होते? वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांचे गोविंदप्रभू तेराव्या शतकात होऊन गेले. पाण्यावाचून हाल होणारे मातंग त्यांच्याकडे आले, त्यांनी खणायची जागा दाखवली आणि तिथे पाणी लागले, अशी लीळा त्यांच्या चरित्रात आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी खाली जे उरते ते निखळ इतिहास आहे: गावात पाणी होते, पण ते मातंगांसाठी नव्हते. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले आणि विहिरीही खुल्या करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ती साडेसहाशे वर्षांची तक्रार तशीच उभी होती.

महानुभावांचे उदाहरण माझ्या विरुद्धही वापरता येईल. त्यांनी तर तेराव्या शतकातल्या जागा बिनचूक लक्षात ठेवल्या! बरोबर आहे, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे. त्यांनी त्या लिहून ठेवल्या. ‘स्थानपोथी’त कोणते देऊळ कोणत्या दिशेला, पंथाचे संस्थापक चक्रधर कुठे बसले, हे नोंदलेले आहे, जागेवर ओटे बांधले, पंथाने त्यांची पूजा चालू ठेवली, महंतांनी यात्रेकरूंना ते दाखवले. आठवण टिकते ती तिला सांभाळणारी माणसे, पोथी आणि नेम असेल तेव्हा. खैरवाड्याच्या मृतांना असे कोणी उरले नाही. त्यांची साक्ष आता फक्त धोंडे, भांडी आणि हाडे देऊ शकतात, आणि तेही ज्या जागी ठेवले त्या जागी असतील तरच.

अशा चिकित्सेने श्रद्धेला धक्का बसतो, असे काहींना वाटेल. गिरडला जाणारा माणूस झिओलाइट या शब्दासाठी जात नाही आणि त्याला तिथे जे मिळते ते माझ्या युक्तिवादाने कमी होत नाही. उलट, बंजारा, गवळी, सारा भरणारा कुणबी आणि विहिरीपासून दूर ठेवलेला मातंग यांच्या म्हणून या कथा वाचल्या, तर ज्यांच्याविषयी कागदोपत्री फार थोडे लिहिले गेले त्यांना इतिहासात स्वतःचा आवाज मिळतो. त्यासाठी कथा नीट नोंदवायला हव्यात. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या समाजाच्या आणि व्यवसायाच्या माणसाने सांगितली, हे लिहिल्याशिवाय कथेचा पुरावा म्हणून काही उपयोग होत नाही. ‘असे म्हणतात’ एवढ्यावर भागत नाही. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे, कारण सांगणारी पिढी जात चालली आहे. आणि दगडांविषयी एक विनंती. विदर्भातली शिळावर्तुळे मुरमाड जागेवर आहेत आणि रस्त्यांना, बांधकामांना मुरूम तिथूनच उचलला जातो. आपल्या वावरात किंवा गावच्या माळावर धोंड्यांचे गोल कडे दिसले तर जेसीबी लावण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवा. कथा पुन्हा सांगता येते, एकदा उपसलेले थडगे पुन्हा रचता येत नाही.